कादंबरीत किती घडायला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या एका कामगाराच्या घरातलं एक वर्ष, हा तुमच्या पहिल्या कादंबरीचा विषय. खर्डा तिघांनी वाचला. दोघं म्हणाले, "लिहिलंय छान, पण काही घडतच नाही." म्हणून तुम्ही शेवटाकडे एक खून घातला. तिसऱ्या बाईंनी खुनासकट वाचलं आणि त्यांना तो खून ओढूनताणून आणलेला वाटला. आता तुम्ही विचारता, वाचकाला किती घटना लागतात आणि कथानक किती घट्ट बांधावं?

कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचणं आणि लेखकाबरोबर बसून ती नीट करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. आकडा देता येत नाही, कारण वाचक घटना मोजत नाही. एखादी गोष्ट घडल्यावर या माणसांना कालच्यासारखं जगता येतंय का, एवढंच तो बघत असतो. येत असेल, तर मुडदा पडला तरी त्याला काही घडल्यासारखं वाटत नाही. येत नसेल, तर कागदावरच्या एका सहीवर तो दोनशे पानं वाचतो.

मराठीत सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांकडे पाहा. 'स्वामी' १९६२ची, 'मृत्युंजय' १९६७ची, 'पानिपत' १९८८ची. तिन्हींचा शेवट वाचकाला पुस्तक हातात घेण्याआधीच ठाऊक असतो. माधवराव पेशवे थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतणार. १४ जानेवारी १७६१च्या संध्याकाळी पानिपतावर काय उरलं हे तर शाळकरी पोरालाही माहीत असतं. 'पुढे काय होणार' हीच वाचकाची भूक असती, तर ही पुस्तकं कुणी पहिल्या प्रकरणापलीकडे नेली नसती. प्रत्यक्षात घरोघर त्यांच्या प्रती आहेत आणि लोक ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचतात.

मग पानिपताच्या गोष्टीत वाचकाला धरून ठेवतं ते काय? इतिहासातली नुसती तारखांची माळ पाहा. ऑक्टोबर १७६०मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, धान्य आणि पैसा हाती आला, छावणीत आनंद झाला. त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट बंद झाली. इथून पुढचे अडीच महिने मोठी लढाई अशी नाही. चकमकी आहेत, आणि बाकी रसद आहे. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, मग दाणा संपत आला, जनावरं मरू लागली. एकेक गोष्ट छोटी, पण प्रत्येकीने एक वाट बंद केली. हे अडीच महिने लिहिताना कादंबरीकाराला नवी घटना शोधावी लागत नाही. आज छावणीत काय शिजलं आणि काल शिजलं होतं ते आज का नाही, एवढं सांगितलं की वाचकाचा श्वास जड होतो. अंतिम लढाई एका दिवसाची आहे. वाचकाच्या मनात घर करून राहते ती आधीची उपासमार.

तुमच्या कारखान्याची गोष्ट याच जातीची आहे. कारखाना बंद झाला हे पहिल्याच पानावर सांगितलंय, म्हणजे मोठी घटना होऊन गेली. आता एकेक वाट कशी बंद होत जाते, ते दाखवायचं आहे.

इथे मराठी कादंबरीची सुरुवात आठवते. १८५७ची 'यमुनापर्यटन' आणि १८६१ची 'मुक्तामाला' ही जोडी मी नव्या लेखकांना मुद्दाम चाळायला सांगतो. बाबा पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, जागोजागी विधवांची दुःखं पाहते, ऐकते. बरीच प्रकरणं मागेपुढे केली तरी फारसं बिघडत नाही. हळब्यांच्या 'मुक्तामाले'त उलट: संकटं, ताटातूट, कपटकारस्थानं, अद्भुत योग, घटनांचा नुसता पूर. आज दोन्ही पुस्तकं अभ्यासकच जास्त वाचतात, पण माझा अनुभव सांगतो की ज्यात कमी घडतं ती 'यमुनापर्यटन' मनात जास्त रुतते. कारण पुढे यमुनेचा स्वतःचा नवरा जातो. इतका वेळ तिने जे दुसऱ्यांच्या घरी पाहिलं, ते तिच्याच दारात येऊन उभं राहतं. त्या क्षणी मागची सगळी सुटी प्रकरणं एकदम कामाला लागतात, कारण तिच्यासमोर काय वाढून ठेवलंय हे वाचकाला एव्हाना पाठ झालेलं असतं. पदमनजींना समाजापुढे एक प्रश्न मांडायचा होता, कथानकाची कसरत करायची नव्हती. तरी कादंबरीच्या बांधणीतली एक मोठी गोष्ट त्या पुस्तकात आहे.

हरिभाऊ आपट्यांनी हेच पुढे पूर्ण ताकदीने केलं. 'पण लक्षात कोण घेतो' १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकातून येऊ लागली. ती गोष्ट यमू स्वतः सांगते. तिचे मुंबईतले दिवस आठवा: नवऱ्याशी गप्पा, लिहिणं-वाचणं, मैत्रिणी, फिरायला जाणं. घटना म्हणावी असं त्यात जवळपास काही नाही. ती पानं कुणी गाळत नाही, कारण यमू हे सगळं गमावल्यानंतर सांगते आहे आणि तिच्या सांगण्याच्या सुरातून ते आपल्याला जाणवत राहतं. सुखाचं प्रत्येक पान वाचताना पोटात कालवतं. पुढे तिचे पती रघुनाथराव जातात आणि सासरच्या शंकरमामंजींच्या घरात तिच्या केसांवर घाला येतो, तेव्हा तो प्रसंग एवढा मोठा होतो तो त्या मुंबईच्या शांत पानांमुळे. ती पानं कापली असती, तर केशवपन ही एक भीषण बातमी उरली असती.

म्हणून 'काही घडत नाही' हे ऐकल्याबरोबर घटना वाढवायला धावू नका. तक्रार करणारा काय म्हणतो यापेक्षा त्याने पुस्तक कुठे खाली ठेवलं ते विचारा. पान कोणतं, प्रसंग कोणता, परत उघडायला किती दिवस लागले. कारण विचारलं की माणसं सुचेल ते उत्तर देतात, आणि 'काही घडत नाही' हे सर्वांत सहज सुचणारं उत्तर आहे. त्याच्या आड मला निरनिराळी दुखणी सापडली आहेत. पुष्कळदा मुख्य पात्राला काही हवंच नसतं. ते खिडकीशी बसून बघत असतं आणि लेखक त्याच्या डोळ्यांतून वर्णनं करतो. कधी आठवणींचा रतीब असतो: वर्तमानातला प्रसंग सुरू झाला की दोन परिच्छेदांत आजोबांचा वाडा येतो, मग आजी, मग वाड्यातला आड, आणि चहा पुढ्यात निवत राहतो. कधी प्रत्येक प्रकरण एकाच सुरात संपतं, पात्र आभाळाकडे बघतं आणि उसासा टाकतं. या कशालाच खून हा उपाय नाही.

वाचनालयातल्या प्रती पाहायची मला सवय आहे. सार्वजनिक वाचनालयातली जुनी कादंबरी हातात घेतली की पानांच्या मळकट कडा सांगतात वाचक कुठपर्यंत पोचले. पहिली पन्नास-साठ पानं काळवंडलेली आणि पुढची कोरी, अशी प्रत दिसली की मी त्या सीमेवरचं पान उघडून वाचतो. तिथे घटना थांबलेली असते असं क्वचितच दिसतं. बऱ्याचदा तिथे पुस्तक जात बदलतं. आईच्या आजारपणाची गोष्ट चाललेली असते आणि एकदम गावच्या निवडणुकीचं राजकारण सुरू होतं. वाचक ज्या माणसासाठी आला होता ते माणूस तीन प्रकरणं दिसत नाही, आणि तो निघून जातो.

सुरुवातीच्या पानांत तुम्ही वाचकाला शब्द देता, तो किती घटनांचा आहे हे त्याला नेमकं कळतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळापहाड या त्यांच्या नायकांच्या गोष्टी वाचायला बसलेल्या माणसाला दर चार पानांनी काहीतरी घडायलाच हवं होतं, आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. त्या वाचकाला खालच्या दर्जाचा मानणारे लेखक मला अजिबात आवडत नाहीत. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी त्या पुस्तकांनी लावली. पण तोच वाचक 'बनगरवाडी' हातात घेतो तेव्हा वेगळ्या अपेक्षेने बसतो, कारण माडगूळकर पहिल्याच पानांत त्याला माणदेशातल्या उजाड वाटेवरून एका पोरसवदा मास्तराबरोबर चालायला लावतात. वाचक त्या चालीला तयार होतो. कमी घटनांवर तो रागावत नाही. शब्द फिरवला की रागावतो.

'बनगरवाडी'चं सांगायचं, तर नव्या लेखकांचा तिच्याविषयी एक गैरसमज असतो. धनगरांच्या वाडीतली सुटी सुटी व्यक्तिचित्रं, कथानक नाही, तरी १९५५पासून लोक वाचतायत, मग माझी का नाही वाचणार? पण नीट पाहा. मास्तर आला तेव्हा शाळेत पोरं नाहीत. मग हळूहळू वाडी त्याला आपला मानते, लोक आपल्या अडचणी घेऊन त्याच्याकडे येतात, सगळे मिळून तालीम बांधतात. वाडीचं एक असं काहीतरी उभं राहतं. आणि मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. मोजून तीन-चार मोठ्या हालचाली, पण त्यांचा क्रम बदलता येत नाही. तालीम आधी बांधली गेली म्हणूनच ओस वाडी बघवत नाही. प्रत्येक व्यक्तिचित्र हे पुढे रिकाम्या होणाऱ्या घराचं चित्र आहे.

'कोसला'बद्दलही असंच बोललं जातं. १९६३ साली ती आली तेव्हा बांधेसूद कथानकाची सवय असलेल्यांना हे काय आहे असं वाटलं असेल. पण पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांचे पैसे खर्च करतो आहे आणि परीक्षा जवळ येते आहे, हा दोर पहिल्यापासून ताणलेला आहे. त्यात त्याची धाकटी बहीण मनी जाते. त्या मरणाला नेमाडे जागा देतात. पुढच्या विनोदी प्रसंगाकडे धावत नाहीत, दुःखाची वेडीवाकडी बडबड पानावर येऊ देतात. घटना एक आणि तिच्याजवळ लेखक थांबला किती, हे त्यात बघण्यासारखं आहे. हस्तलिखितांत मला नेमकं उलट दिसतं: अकराव्या प्रकरणात आजी जाते, बाराव्यात मामाचा अपघात, तेराव्यात बहिणीचं लग्न मोडतं. वाचकाला रडायला सवड मिळत नाही. तिसऱ्या आघाताला तो कोरडा झालेला असतो, आणि लेखकाला वाटतं अजून एक हवा.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) मात्र मी प्रत्येक नव्या कादंबरीकाराला कथानकासाठी पुन्हा वाचायला लावतो. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू प्रवासी, त्यांत हॅर्टा, आणि तिच्या प्रेमात पडलेला आपला चक्रधर. काही दिवसांचा प्रवास, एक बोट, जायला दुसरीकडे जागा नाही. डेकवरचं फिरणं, जेवणाच्या टेबलावरचं बोलणं, मत्सर, लाडीगोडी यांतच पानं जातात. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण बोट रोज मुंबईच्या जवळ येते आहे. तो मुंबईला उतरणार, तिला पुढे जावं लागणार. शेवटाची तारीख ठरलेली आहे आणि ती दोघांनाही माहीत आहे. बेडेकरांनी एवढी एक गोष्ट पक्की केली आणि मग त्यांना घटनांच्या मागे धावावं लागलं नाही. साधं हसणंसुद्धा उरलेल्या दिवसांतून वजा होत असतं. म्हणून कथानक घट्ट की सैल हा प्रश्न मी सहसा विचारत नाही. या गोष्टीत काय संपत येतंय, आणि ते वाचकाला कितव्या पानावर कळतं, असं विचारतो.

घट्ट बांधणीवर आपल्याकडे मोठा वाद होऊन गेला आहे. हरिभाऊंचं लेखन साप्ताहिकातून येई, त्यामुळे त्यात पाल्हाळ येणं साहजिक होतं. पुढे ना. सी. फडक्यांनी १९३१च्या 'प्रतिभासाधन'मधून तंत्राचा आग्रह धरला: गुंतागुंत, तिचा कळस, उकल, कुठेही सैलपणा नको. साठोत्तरी लेखकांनी ते तंत्र झुगारलं. झुगारणं गरजेचं होतं असंच माझं मत आहे, कारण त्या साच्यात बसवण्यासाठी माणसांचे हातपाय कापले जाऊ लागले होते. पण त्यामुळे पुढच्या काही पिढ्यांत कथानक म्हणजे हलकं, आणि काही न घडणं म्हणजे खोल, अशी समजूत पसरली. ती वाचकाला फार महागात पडली. फडक्यांची एक मागणी अजूनही रास्त आहे: या प्रसंगाची इथेच गरज का, याचं उत्तर लेखकाजवळ असलं पाहिजे.

हल्ली मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या कादंबऱ्यांची हस्तलिखितंही पुस्तकासाठी येतात. प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर त्यांना भरपूर वाचक मिळालेले असतात, म्हणजे लेखकाला वाचक धरता येतो यात शंका नाही. पण भाग आठवड्याने वाचणाऱ्याला मागचं विसरायला होतं. त्याला आठवण करून द्यावी लागते आणि शेवटी दारावर थाप ऐकवावी लागते. पुस्तकाचा वाचक त्याच रात्री पान उलटतो आणि दारात दूधवाला आहे हे त्याला लगेच कळतं. पाचव्यांदा तसं झालं की तो थापेवर विश्वास ठेवणं सोडतो. तेव्हा पुस्तक करताना बहुतेक थापा काढाव्या लागतात, आणि ज्या थापेमागे खरंच जप्तीवाले उभे आहेत ती ठेवायची.

जप्तीवरून तुमच्या कादंबरीकडे येतो. तुम्ही सारांशात एक वाक्य लिहिलंय आणि त्यावरून पुढे निघून गेलात: वडील एका सहकाऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेले असतात, हे एकशे चाळिसाव्या पानावर मुलाला समजतं. तुमचं कथानक हे आहे. पतसंस्थेचं कर्ज थकलं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी नोटीस येते, मग सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुली दाखला, मग वसुली अधिकारी, मागणी नोटीस, जप्ती, लिलाव. कारखाना चालू असता तर पगारातून कपात झाली असती. आता पगारच नाही, म्हणजे वसुली घरावर किंवा जमिनीवर येणार. या प्रत्येक पायरीला मुदत आहे, कागद आहे, पोस्टमन आहे. आणि सहकारी दोन घरं सोडून राहतो. त्याचीही नोकरी गेलीय. त्याच्या मुलीच्या लग्नात तुमच्या गोष्टीतली आई करंज्या करायला गेली होती, हे तुम्हीच लिहिलंय.

जामीनकीची ती सही दुसऱ्या प्रकरणात आणा. वाचकाला आणि वडिलांना ठाऊक, आईला आणि मुलाला नाही. एवढं केलंत की तुमची आता सुस्त वाटणारी प्रकरणं जागच्या जागी जागी होतील. आई माळ्यावरची भांडी मोडीत काढून मुलाच्या फीचे पैसे जुळवते ते प्रकरण आज केवळ गरिबीचं वर्णन आहे. घर जाणार आहे हे वाचकाला माहीत असेल, तर तिचं एकेक भांडं मोजणं बघवणार नाही. वडील दुपारी बंद गेटपाशी जाऊन बसतात त्या पानांतलं एक अक्षरही बदलावं लागणार नाही.

खून काढा. तो काढल्यावर आधीच्या एकाही प्रकरणात काही दुरुस्ती करावी लागत नाही, हे तुम्ही स्वतः करून बघा. त्यावरूनच तो बाहेरून आलाय हे कळेल. हीच कसोटी इतर प्रसंगांनाही लावा. प्रत्येक प्रकरणापुढे एका ओळीत लिहा: इथे कोण काय करतं, आणि त्यानंतर कोणती गोष्ट आता मागे घेता येणार नाही. दुसरा भाग रिकामा राहिला म्हणून लगेच कापू नका. काही प्रकरणं नुसती श्वास घ्यायला लागतात, विशेषतः तुमच्यासारख्या कोंडत जाणाऱ्या गोष्टीत. ऊसतोड टोळ्या यंदा गावात आल्याच नाहीत, त्या रिकाम्या माळाचं तुमचं प्रकरण असंच आहे, ते ठेवा. पण सलग तीन प्रकरणांपुढे जागा रिकामी राहिली, तर त्यांतली दोन एकत्र होतील का ते पाहा.

लिलाव दाखवायचा की नाही, हे आज ठरवू नका. कदाचित दोन घरांमधलं बोलणं बंद होणं हाच तुमचा शेवट असेल, कदाचित सहकाऱ्याने रात्री येऊन चार हजार रुपये ओट्यावर ठेवून जाणं. सही सुरुवातीला आणल्यावर ही माणसं तुम्हाला स्वतःहून काय करतात ते बघा. आणि नवा खर्डा त्या तिघांना देऊ नका. त्यांना जामीनकी आता माहीत आहे. ज्याने आधीचं एकही पान वाचलेलं नाही अशा कुणाला फक्त पहिली साठ पानं द्या, आणि उरलेली त्याने मागितली तरच पाठवा.